सेन्सरचा दिवा उन्हाळ्यात लागत नसेल, तर आधी काच काढून पाहा

नागपुरातील आपल्या इमारतीच्या जिन्यात हिवाळाभर नीट लागणारे सेन्सरचे दिवे, धुळीसाठी काचेचे झाकण बसवल्यापासून आणि ऊन वाढल्यापासून माणूस समोरून गेला तरी लागत नाहीत, हे वाचताना आमच्याच सोसायटीची हकीकत आठवली. वायरिंग तपासून झाले आहे, असे गृहीत धरतो.

आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३३ अंश सेल्सिअस असते आणि तिच्यातून बाहेर पडणारे अवरक्त प्रारण (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) साडेनऊ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक तीव्र असते. दिव्याचा सेन्सर हेच प्रारण टिपतो, पण डोळ्यांना पारदर्शक दिसणारी साधी काच ते अडवते. म्हणूनच सेन्सरवरचे ते दुधी, रेघांचे भिंग काचेचे नसून पॉलिथिलीनचे असते. आमच्या विक्रेत्याच्या सेवा केंद्राला मात्र याचा पत्ता नव्हता. त्यांचा माणूस यायचा, भेटीचे पैसे घ्यायचा, चांगला सेन्सर बदलून नवा बसवायचा आणि जाताना तीच काच पुसून काळजीपूर्वक परत लावायचा. लेखी तक्रारीला ‘व्होल्टेज कमी-जास्त होत असेल’ एवढेच उत्तर आले. आपण विकतो ते उपकरण नेमके काय टिपते, हे विकणाऱ्याला ठाऊक असावे, ही अपेक्षा मला तरी अवाजवी वाटत नाही.

काच काढल्यावरही उन्हाळ्याची अडचण थोडी उरेल. आपल्या शरीरातून एकूण ८०० वॅटच्या आसपास प्रारण बाहेर पडते, पण भोवतालच्या भिंतीही आपल्याकडे प्रारण पाठवत असल्याने २३ अंशांच्या खोलीत निव्वळ फरक सुमारे १०० वॅटच राहतो. सेन्सर माणूस आणि मागची भिंत यांच्यातील फरकावरच चालतो, त्यामुळे पश्चिमेची तापलेली भिंत संध्याकाळी ३४-३५ अंशांवर आली की त्याला माणूस जवळजवळ दिसेनासा होतो. भिंत ४२ अंशांवर असेल, तर उलट तिच्यापुढे थंड असलेला माणूस ओळखता येतो.

माझ्या मते सेन्सरची जागा बदलावी. जिना चढणारा माणूस सरळ त्याच्या दिशेने न येता त्याच्यासमोरून आडवा जाईल, अशी जागा उत्तम. रडारचा सेन्सर काचेतूनही चालतो, पण तो पातळ भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांच्या वावरानेही दिवा लावतो. मी इलेक्ट्रिशियन नाही, त्यामुळे जागा बदलण्याचे काम मेन स्विच बंद करून जाणकाराकडूनच करून घ्यावे. काच काढून पाहण्यासाठी मात्र कोणाला पैसे देऊ नयेत.