स्वस्तातला ज्युसर घ्यावा का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

उन्हाळ्याच्या तोंडावर ज्युसरबद्दलची पत्रं वाढतात, म्हणून या वेळी सदरात तेवढीच घेतली आहेत. किमती साधारण बाजारभावाच्या आहेत. गाव आणि हंगामाप्रमाणे थोडंफार इकडेतिकडे होईल.

प्रश्न (नाशिक): घरात आम्ही चौघं. सकाळी गाजर-बीट आणि अधूनमधून मोसंबीचा रस काढायचा आहे. ऑनलाइन एक ज्युसर अडीच हजारांत मिळतोय. ८०० वॅट, शंभर टक्के कॉपर मोटर, मिनिटात एक लिटर रस असं लिहिलंय. मिक्सर घरात आहेच. घ्यावा का?

उत्तर: गाजर-बीट आठवड्यातून चार-पाच दिवस खरोखर होणार असेल तर घ्यायला हरकत नाही. दोनच दिवस होणार असेल तर मिक्सरवर भागतं. अर्धा किलो गाजराचे लहान तुकडे, पाऊण कप पाणी, एकदम बारीक वाटायचं आणि मलमलीच्या स्वच्छ फडक्यातून घट्ट पिळायचं. रस थोडा पातळ होतो, पण धुवायला एक भांडं आणि एक फडकं. ज्युसरचे सहा-सात सुटे भाग प्रत्येक वेळी धुवावे लागतात. चांगले चालू स्थितीतले ज्युसर माळ्यावर जातात ते बहुतेक याच कंटाळ्यानं. तेव्हा घरात ते धुणार कोण, हे आधी ठरवा.

आता जाहिरात. वॅट हा यंत्र किती वीज ओढतं त्याचा आकडा आहे, रस किती निघतो त्याचा नाही. तुम्ही म्हणता तो गरगर फिरणाऱ्या जाळीचा ज्युसर दिसतो. त्यात तळाशी दातेरी चकती असते, ती गाजराचा कीस करते. कीस जाळीवर फेकला जातो, रस छिद्रांतून बाहेर येतो आणि चोथा जाळीत साठतो किंवा मागच्या डब्यात जाऊन पडतो. या कामाला ४०० ते ५०० वॅट पुरतात. दाते बोथट असतील किंवा कीस जाळीवर पुरेसा टिकत नसेल, तर हजार वॅटची मोटरही ओलाच चोथा बाहेर टाकणार. मोटरच्या आत तांब्याची तार आहे की नाही हे बाहेरून कळायला मार्ग नाही. आणि मिनिटात एक लिटर रस कलिंगडाचा निघेलही, गाजराचा विसरा.

पाहायची ती जाळी. शक्य असेल तर हा ज्युसर दुकानात जाऊन हाताळा, मग हवा तिथून घ्या. जाळी स्टीलची हवी, आणि तिचा वरचा काठ प्लास्टिकच्या कड्यात पक्का बसलेला हवा. नुसता चिकटवलेला नको. जाळी जागेवर बसवून बोटानं सावकाश फिरवा आणि काठाकडे आडव्या नजरेनं बघा. काठ फिरताना वरखाली होत असेल तर ते यंत्र पहिल्या दिवसापासून थरथरणार. मग झाकण लावा, पण बाजूच्या कड्या उघड्या ठेवून बटण दाबायला सांगा. मोटर सुरू होता कामा नये. ती सुरू झाली तर किंमत विचारत बसू नका. फळ टाकायचं तोंडही बघा. ते अरुंद असेल तर सफरचंदाच्या चार नाही, आठ फोडी कराव्या लागतात आणि सकाळची दहा मिनिटं त्यातच जातात.

शेवटी दुकानदाराला एकच विचारा: सुटी जाळी मिळते का, आणि कितीला? सगळ्यात आधी जाते ती जाळीच. ती यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा महाग असेल, किंवा ‘मागवावी लागेल’ असं मोघम उत्तर आलं, तर दुसरं मॉडेल बघा. आमच्या मते अडीच-तीन हजारांच्या यंत्रांमध्ये निवड करताना हा प्रश्न वॅटच्या आकड्यापेक्षा फार मोलाचा.

यंत्राच्या तळाच्या पट्टीवर आयएसआय चिन्हासोबत सीएम/एल अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये घातला की परवाना कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. घरगुती मिक्सर आणि या प्रकारच्या ज्युसरचं मानक आयएस ४२५० आहे. सलग किती मिनिटं चालवायचं आणि मध्ये किती थांबायचं, हेही त्याच पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत असतं. तिकडे दुर्लक्ष झाल्यामुळे जळणाऱ्या मोटरी पुष्कळ.

घरी आणल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत, चाचणी घ्या. अर्धा किलो ताजी, कडक गाजरं वजन करून घ्या. धुवा, टोकं काढा. आधी यंत्र सुरू करा, मग गाजर टाका; उलटं केलं तर तुकडा चकतीत अडकून मोटर कुंथते. दट्ट्या हलक्या हातानं, सावकाश दाबा. आवाज जड झाला की थांबा, मोकळा झाला की पुढचं गाजर. फेस बसायला पाच मिनिटं द्या आणि रस मोजा. २०० ते २५० मिली आला तर या किमतीला यंत्र चांगलं. १५० मिलीच्या आत आला तर परत करा. चोथा मुठीत घेऊन आवळा: बोटांमधून धार लागली तर तुमचा रस चोथ्यात चाललाय. बोटं नुसती ओली झाली तर ठीक. गाजर शिळं, मऊ पडलेलं असेल तर चांगलं यंत्रही नापास होईल, म्हणून भाजी त्याच दिवशीची घ्या.

पैशाचा हिशेबही करून बघा. गाजर ४० रुपये किलो धरलं आणि किलोतून ४५० मिली रस आला, तर २०० मिलीचा पेला अठरा रुपयांच्या आसपास पडतो. बाहेर तोच पेला ४० रुपयांना मिळत असेल, तर अडीच हजार वसूल व्हायला एकशे पंधराच्या आसपास पेले लागतील. रोज दोन पेले काढले तर दोन महिन्यांचं काम. रविवारी एक, तर दोन वर्षांहून जास्त.

मोसंबीसाठी हे यंत्र नकोच. कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न (जालना): घरची मोसंबी आहे. ज्युसरमधून काढलेला रस लगेच प्यायला तर बरा लागतो, पण अर्ध्या-एक तासानं कडू होतो. यंत्रात काही दोष आहे का? संत्र्याचंही तसंच होतं.

उत्तर: यंत्र बिघडलेलं नाही, पण या फळासाठी ते चुकीचं आहे. मोसंबीच्या सालीखालचा पांढरा थर, पाकळ्यांची आवरणं आणि बिया यांत एक द्रव्य असतं. फळात असेपर्यंत ते कडू नसतं. हे भाग चिरडून आंबट रसात मिसळले की त्याचं हळूहळू लिमोनिनमध्ये रूपांतर होतं, आणि लिमोनिन जबर कडू. पहिला घोट गोड आणि तासाभरानं कडू, ते यामुळे. गरम केलं तर कडूपणा आणखी लवकर येतो. नागपुरी संत्र्याच्या रसातही हाच प्रकार होतो. फिरत्या जाळीचा ज्युसर बिया आणि आवरणं सरसकट किसतो, म्हणून त्यात हा त्रास सगळ्यात जास्त.

उपाय स्वस्त आहे. फळ आडवं कापून अर्धं दाबायचं लिव्हरचं यंत्र किंवा घुमटाकृती दांड्यावर फळ फिरवायचं छोटं विजेचं यंत्र घ्या. दुसरं हजार-बाराशेच्या आसपास मिळतं आणि २५ ते ४० वॅटवर चालतं. लिव्हरचं घ्यायचं तर अ‍ॅल्युमिनियमपेक्षा स्टीलचं बघा. आंबट रसानं अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं. कोणतंही घेतलं तरी शेवटच्या थेंबासाठी जोर लावू नका. तो थेंब पांढऱ्या थरातूनच येतो, शिवाय लिव्हरखाली सालीतलं तेल उतरून रस तिखटसर लागतो. कोवळी, हिरवट फळं जास्त कडवट होतात, तेव्हा घरचीच बाग आहे तर पक्व होऊ द्या. रस लगेच गाळा आणि पंधरा-वीस मिनिटांत संपवा. संध्याकाळसाठी फ्रिजमध्ये ठेवायचा बेत सोडून द्या.

तळाशी रबरी चकती असलेलं, हातानं फिरवायचं प्लास्टिकचं यंत्र तीनशे-चारशेला मिळतं. सोललेल्या मोसंबीच्या फोडी, द्राक्षं, कलिंगड, डाळिंबाचे दाणे यांना ते पुरतं. डाळिंबाला तर ते मिक्सरपेक्षा सरस, कारण दाण्यातलं बी भरडलं जात नाही आणि रस तुरट होत नाही. गाजर मात्र त्यात घालू नका. मळसूत्री दांड्याचं टोक झिजतं आणि मूठ दांड्यावर नुसती फिरायला लागते. रबरी चकती गुळगुळीत ग्रॅनाइटवर किंवा स्टीलवरच धरते. चकती ओलसर करून दाबा. खडबडीत कडाप्प्यावर ती सुटणारच.

प्रश्न (पुणे): गव्हांकुर, पालक आणि दुधीचा रस रोज घ्यायचा आहे. साडेतीन हजारांत ‘कोल्ड प्रेस’ ज्युसर दिसतोय, तर नामवंत कंपन्यांचे दहा हजारांच्या पुढे आहेत. स्वस्तातला चालेल का?

उत्तर: यंत्राची जात बरोबर निवडलीत. गव्हांकुराचे धागे फिरत्या जाळीत गुंडाळले जातात आणि रस जवळजवळ निघतच नाही. मिनिटाला ४० ते ८० फेरे घेणारा मळसूत्री दांडा पान चेपून रस काढतो. अडचण अशी की या यंत्रात सगळा दाब प्लास्टिकच्या दांड्यावर, जाळीवर आणि भांड्याच्या गळ्यावर येतो, आणि स्वस्त मॉडेलमध्ये नेमकं तेच कच्चं असतं. भांड्याच्या गळ्याला केसासारखी चीर जाते आणि तिथून रस मोटरीत उतरतो. हमीपत्र वाचा: ‘मोटर पाच वर्षं’ ठळक असतं आणि प्लास्टिकचे भाग, जाळी, रबर हमीत नाहीत हे बारीक अक्षरात. दांडा उलटा फिरवायचं बटण नसेल तर घेऊच नका. धागा अडकला की तेवढाच उपाय. रोज दोन पेले आणि वर्षानुवर्षं असा विचार असेल तर साडेतीन हजारांचं यंत्र शेवटी महाग पडतं. महिनाभर करून बघायचं असेल तर मिक्सर आणि फडकं.

गव्हांकुर आणि पालक बोटभर लांबीचे कापा, नाहीतर धागे दांड्याला पीळ घालतात. आलं आडवं कापा. आवळ्याची बी काढा. ऊस आणि बर्फ कधीही नाही.

यंत्र थंड राहतं म्हणून जीवनसत्त्वं टिकतात, या विक्रेत्याच्या वाक्याला फार वजन देऊ नका. गरगर फिरणाऱ्या जाळीच्या ज्युसरमध्येही रस जाळीतून काही क्षणांतच बाहेर पडतो, तेवढ्यात तापत नाही. रस उघडा किती वेळ ठेवता याला जास्त महत्त्व आहे.

दुधीबद्दल मात्र अगदी गंभीरपणे: रस काढण्याआधी प्रत्येक दुधीचा छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या. कडू दुधीतल्या कुकुरबिटासिन या द्रव्यामुळे उलट्या, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम उतरणं असे प्रकार होतात आणि माणसं दगावलीही आहेत. मध-लिंबू घालून कडूपणा लपवणं म्हणजे विष गोड करणं. रस पिऊन पोटात दुखलं किंवा उलटी झाली तर घरगुती उपाय करत न बसता सरळ दवाखाना गाठा.

प्रश्न (कोल्हापूर): दोन वर्षांचा ज्युसर हल्ली खूप थरथरतो आणि चोथा ओला येतो. जाळी धुतो तरी छिद्रं बंदच. मोटर गेली का?

उत्तर: बहुधा नाही. छिद्रं बुजली की रस बाहेर पडायला वाट राहत नाही, तो चोथ्याबरोबर जातो. चोथा एका बाजूला साचला की जाळीचा तोल जातो आणि यंत्र थरथरतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून जाळी अर्धा तास बुडवून ठेवा. मग जुन्या टूथब्रशनं बाहेरून आत घासा. आतून घासलं तर गर छिद्रात आणखी बसतो. उजेडासमोर धरून छिद्रं मोकळी दिसतात का बघा. पुढे वापर झाल्या झाल्या जाळी नळाखाली धरली तर पुन्हा ही वेळ येणार नाही. एका वेळी पाव-अर्धा किलो झालं की थांबून चोथा काढा.

उजेडासमोर धरली की काठाशी चीर किंवा फाटलेली तारही दिसेल. ती दिसली तर जाळी लगेच बदला. एवढ्या वेगात ती फुटून तुकडे उडू शकतात. मोटर अचानक बंद पडली असेल तर तळाचं लाल बटण बघा. यंत्र दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या आणि मग ते दाबा. ठिणग्या जास्त दिसत असतील तर मोटरमधले कार्बन (फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे छोटे तुकडे) बदलून बघा, काम थोडक्यात होतं. जळका वास येऊन धूर निघाला असेल तर कॉइल गेली, आणि या किमतीच्या यंत्राची कॉइल भरून घेणं परवडत नाही.

प्रश्न (ठाणे): यूएसबीवर चार्ज होणारा बाटलीचा ‘ज्युसर’ सातशेला आहे. मुलाच्या वसतिगृहासाठी कसा?

उत्तर: तो ज्युसर नाही, छोटा मिक्सर आहे. चोथा वेगळा होत नाही. केळं-दूध, मऊ आंबा, भिजवलेला खजूर एवढं होईल. गाजर, बर्फ नाही. पातं घट्ट बसवलेलं असल्यामुळे रबराखाली दूध अडकून वास येतो. वापरल्याबरोबर पाणी घालून फिरवायची सवय मुलाला लावा.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका): भारतातून येताना ५०० वॅटचा ज्युसर-मिक्सर आणावा का?

उत्तर: तिथे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३० व्होल्ट. व्होल्टेज चढवणारा, हजार वॅटच्या वरचा जड ट्रान्सफॉर्मर लागेल. केवळ ज्युसरसाठी तो खटाटोप करू नका, तिथलाच घ्या. दळण-वाटणासाठी मिक्सर आणणारच असाल तर गोष्ट वेगळी. हातानं फिरवायचं यंत्र खुशाल आणा.

प्रश्न (सोलापूर): ऑनलाइन घेतलेल्या ज्युसरची जाळी तीन आठवड्यांत फाटली. कंपनी म्हणते, जाळी हमीत येत नाही. काय करता येईल?

उत्तर: आधी पावती, खोक्यावरची पट्टी आणि फाटलेल्या जागेचे फोटो नीट ठेवा. कंपनीला आणि विक्री करणाऱ्या संकेतस्थळाला लेखी कळवा. फोनवरचं बोलणं धरू नका. जाळी झिजणारा भाग आहे हे खरं, पण तीन आठवड्यांत फाटणं ही झीज नाही, तो वस्तूतला दोष आहे आणि पत्रात तसंच लिहा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. पावतीचा क्रमांक आणि तारीख हाताशी असू द्या. तोपर्यंत फाटकी जाळी बसवून यंत्र चालवू नका.