तक्त्यात एक रकाना कमी आहे

चि. बाळ,
अ. उ. आ.

तुझा हवाई दलाच्या विमानांचा तक्ता पोचला. रात्री पावणेबाराला पाठवलेला, म्हणजे बारावीचं फिजिक्स कुठवर आलंय ते विचारायची सोय नाही. एका बाजूला ४२, दुसऱ्या बाजूला २९ आणि खाली लाल अक्षरांत, 'काका, १३ स्क्वाड्रन गेल्या कुठे?'

आकडे बरोबर आहेत. ४२ ही हवाई दलाला मंजूर असलेल्या लढाऊ स्क्वाड्रनची, म्हणजे विमानांच्या तुकड्यांची, संख्या. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला आणि हातात २९ उरल्या. एका स्क्वाड्रनला १६ ते १८ विमानं धर. आकडा काळजी वाटावी असाच आहे, तुझी समजूत काढायला मी हे लिहीत नाही.

पण तुझ्या तक्त्यात विमानाचं नाव आहे, देश आहे, वेग आहे, क्षेपणास्त्रं आहेत. इंजिन कुठेच नाही. बावीस वर्षं हवाई दलाच्या जॅग्वार लढाऊ विमानाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून काढलेल्या माणसाला ते खुपणारच.

आमच्या हँगरमध्ये एक विमान कोपऱ्यात उभं असायचं. दिसायला धडधाकट. एकदा दुसऱ्या विमानाचा हायड्रॉलिक पंप गेला, नवा यायला वेळ होता, म्हणून याचा काढून त्याला लावला. मग कुणाला व्हॉल्व्ह हवा होता, कुणाला जनरेटर. महिनाभरात ते इतकं पोखरलं की त्याला आम्ही 'हँगर क्वीन' म्हणायला लागलो. कागदोपत्री ते विमानच होतं, तुझ्यासारख्या कुणी मोजलं असतं तर एक धरलं असतं. शिवाय एका पंपासाठी काम दुप्पट: इथून काढा, तिथे लावा, नवा आला की इथे परत लावा, प्रत्येक वेळी तपासणी आणि फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, सह्या. रात्री दोनला टॉर्च तोंडात धरून हे केलंय, म्हणून जरा चिडून लिहितोय.

तेव्हा ताफा मोजताना आधी विचार, उद्या सकाळी सहाला यातली उडणार किती? २०१५ च्या सुमारास सुखोई-३० ची उपलब्धता साठ टक्क्यांच्या खाली होती, हे सरकारनंच सांगितलं होतं. सुट्या भागांची रखडपट्टी हे त्याचं मोठं कारण. ३६ राफेलचा करार २०१६ ला झाला तेव्हा त्यात निदान ७५ टक्के विमानं उड्डाणाला तयार ठेवायची अट घातली गेली. त्या कराराच्या किमतीवरून देशभर रणं माजली, या अटीबद्दल मात्र चहाच्या टपरीवर कुणी बोलताना ऐकलं नाही. मला विचारशील तर त्या कागदातली सगळ्यात शहाणी ओळ तीच.

आता आपलं स्वदेशी लढाऊ विमान, तेजस. ते बनवणाऱ्या सरकारी कंपनीबद्दल तू लिहिलंयस, 'एचएएल उशीर करते'. करते, पण पुढचंही वाच. ८३ तेजस मार्क-१ए ची, म्हणजे सुधारित तेजसची, मागणी फेब्रुवारी २०२१ मध्ये दिली, विमानं २०२४ च्या सुरुवातीपासून यायची होती. त्याचं इंजिन अमेरिकेच्या जीईचं, एफ-४०४. आधीच्या तेजससाठी जीईने ६५ इंजिनं दिली आणि आपली पुढची मागणीच आली नाही, म्हणून २०१६ मध्ये त्या इंजिनाची उत्पादनाची लाइन बंद करून टाकली. २०२१ मध्ये आपण ९९ इंजिनं मागितली. बंद लाइन म्हणजे काय ते ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही कारखान्यात विचार. माणसं पांगलेली, फिक्स्चर गंजलेली, छोटे पुरवठादार दुसऱ्या कामाला लागलेले. पहिलं इंजिन मार्च २०२५ ला हातात पडलं. नाशिकच्या ओझरला जुळवलेलं पहिलं मार्क-१ए ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं, त्याच्या महिनाभर आधी आणखी ९७ विमानांची मागणी दिली गेली. उशिराचा दोष वाटायचाच असेल तर २०१६ ते २०२१ या पाच वर्षांच्या शांततेलाही त्यातला वाटा दे.

मग आपण स्वतःचं इंजिन का केलं नाही? केलं. कावेरी. ऐंशीच्या दशकात काम सुरू झालं, इंजिन फिरलं, पण तेजसला लागणारा जोर काही मिळाला नाही. हसू नकोस. टर्बाइनच्या पात्यावर जो वायू आदळतो तो त्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही जास्त तापलेला असतो. पातं तरीही वितळत नाही, कारण त्याच्या आत बारीक वाहिन्या असतात आणि त्यांतून तुलनेने थंड हवा खेळवलेली असते. वरून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओतलेलं असतं, धातूत कण आणि कणांमधले सांधे राहूच द्यायचे नाहीत, कारण तापल्यावर आणि ताणल्यावर तो सांध्यातच हार मानतो. हे जमणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि ते सहजासहजी कुणाला शिकवत नाहीत. आमच्या जॅग्वारचंच घे. नवी रडार आली, नवी उपकरणं आली, इंजिन बदलायचा बेत मात्र खर्चापायी २०१९ मध्ये बारगळला. मे महिन्यात भरल्या वजनाने ते विमान धावपट्टी सोडताना बघणं म्हणजे ठाण्याच्या पाच नंबर प्लॅटफॉर्मवर पेटी डोक्यावर घेऊन जिना चढणारा हमाल बघणं.

बाकीचं थोडक्यात. ११ ऑक्टोबर २०२४ ला नवी मुंबईच्या नव्या धावपट्टीवर पहिल्यांदा हवाई दलाचं सी-२९५ हे मालवाहू विमान उतरलं, तेव्हा तू उलव्याहून फोटो पाठवून 'हे जाडं कशाला, सुखोई उतरवायची' असं लिहिलं होतंस. त्या जाड्याची ५६ घेतली आहेत, त्यातली ४० वडोदऱ्याला बनणार, जुन्या ॲव्रोंच्या जागी. हवेत इंधन भरणारी आयएल-७८ आपल्याकडे सहाच, हेही तक्त्यात नाही. टँकर नसेल तर लांब पल्ल्याची लढाऊ विमानं नकाशावरच लांब जातात.

आता तुझा खरा प्रश्न, जो तू तक्त्याखाली बारीक अक्षरांत लपवलास. एनडीएसाठी, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी, एक वर्ष ड्रॉप घ्यावा का. घेऊ नकोस. परीक्षा वर्षातून दोनदा असते, वय बसतंय तोवर कॉलेज करता करता दे. मुलींना २०२२ च्या तुकडीपासून तिथं प्रवेश आहे, मे २०२५ मध्ये पहिल्या १७ जणी बाहेर पडल्या. पण लक्षात ठेव, वैमानिक निवडीची यंत्रावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तिथे अडकलीस तर हवाई दलात उडण्याचं दार बंद. तेव्हा हातात मेकॅनिकलची जागा असलेली बरी. पदवीच्या जवळ आलीस की एएफकॅट, म्हणजे हवाई दलाची अधिकारी भरतीची परीक्षा, दे, त्यातून फ्लाइंगलाही जाता येतं आणि टेक्निकललाही. टेक्निकल म्हटल्यावर तुझं तोंड वाकडं झालं असणार. होऊ दे.

उन्हाळ्यात महिनाभर माझ्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बस. निवृत्तीनंतर मी एका ठिकाणी तपासनीस होतो, तिथे विमानाच्या ब्रॅकेटचा एक लॉट तयार झाला. मायक्रोमीटर लावला तर एकेक जॉब ड्रॉइंगबरहुकूम. पण सळी कापताना स्टोअरमधल्या पोराने हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतीचा क्रमांक, रंगवलेलं टोक आधी कापून टाकलं होतं, उरलेली सळी कुठल्या ओतीची हे सांगायला कागद नव्हता. सगळा लॉट भंगारात गेला. मालक माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. तो पोरगा आज तिथला क्वालिटी हेड आहे, त्याच्याच हाताखाली तुला बसवणार आहे.

रविवारी ये. ऐरोलीहून दहाची लोकल धर. तक्ता छापून आण आणि त्यात आणखी दोन रकाने आखून आण: इंजिन कुणाचं, आणि ओव्हरहॉल कुठे होतं. माहीत आहेत तेवढे भर. जॅग्वारची ओळ कोरी ठेव, ती मी भरणार.

तुझा,
काका