उद्योगाशी नाते वर्गात दिसले पाहिजे
(वाचकांचे प्रश्न : विद्यापीठांतील व्यवस्थापन शिक्षण)

प्रश्न : माझ्या मुलीने यंदा व्यवस्थापनाची सीईटी दिली आहे. एका खासगी महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात कंपन्यांबरोबरच्या सामंजस्य करारांची दोन पाने भरून यादी आहे. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागाच्या पत्रकात मात्र अशी यादी जवळजवळ नाहीच. उद्योगांशी खरे संबंध कोणाचे आहेत, हे पालकाने कसे ओळखावे? — एक पालक, सातारा

उत्तर : करारांची यादी पाहून काहीच ठरवू नका. सामंजस्य करारावर सही करायला एक दुपार पुरते आणि त्यातले बहुतेक करार कोणावरही काही बंधन घालत नाहीत. कंपनीतला माणूस वर्गात येऊन शिकवतो का आणि विद्यार्थी कंपनीत जाऊन खरे काम करतो का, एवढेच पाहावे.

मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्थेचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वर्ध्याचे उद्योजक आणि गांधीजींचे निकटचे सहकारी जमनालाल बजाज यांचे नाव असलेली ही संस्था १९६५ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापन विद्यालयाच्या सहकार्याने सुरू झाली. उदय कोटक, अजय पिरामल, हरीश मनवानी, विनिता बाली ही तिच्या माजी विद्यार्थ्यांतील काही ठळक नावे. माझ्या मते तिच्या यशाचे एक कारण अगदी भौगोलिक आहे. संस्था चर्चगेटला आहे आणि फोर्टमधली रिझर्व्ह बँक, दलाल स्ट्रीटवरचा शेअर बाजार, नरिमन पॉइंटची कंपन्यांची मुख्यालये हे सारे तिथून हाकेच्या अंतरावर होते. कचेरी सुटल्यावर वित्त किंवा विपणन विभागाचा अधिकारी तास घेण्यासाठी सहज येऊ शकत असे, आणि नोकरी सांभाळून संध्याकाळच्या अर्धवेळ अभ्यासक्रमाला बसणारा विद्यार्थी दिवसभरातला प्रश्न घेऊनच वर्गात येत असे. असे नाते कोणत्याही करारपत्राने निर्माण होत नाही. आता मुंबईतल्या बऱ्याच कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुल, लोअर परळ, पवई आणि नवी मुंबईकडे गेल्या आहेत, त्यामुळे पूर्वी जे जवळिकीमुळे आपोआप घडत होते ते आता वेळापत्रक आखून, मानधन ठरवून आणि माजी विद्यार्थ्यांना आवर्जून बोलावून घडवावे लागते. नामवंत माजी विद्यार्थ्यांची नावे हाही पुरेसा पुरावा मानू नये, कारण कठीण प्रवेशपरीक्षेतून निवडलेली मुले कोठेही पुढे जाण्याची शक्यता अधिक असते.

म्हणून दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन, शक्यतो दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच, पुढील गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षी उद्योगातील कोणी एखादा विषय पूर्ण सत्रभर शिकवला का, की वर्षातून एकदा सभागृहात भाषण देऊन ते निघून गेले? पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधल्या सुटीत दोन महिन्यांची जी इंटर्नशिप होते, तिचा विषय कंपनीने दिला होता का, आणि अहवाल कंपनीतल्या कोणी वाचून त्यावर मत दिले का? नोकऱ्यांच्या आकडेवारीत सर्वांत मोठा पगार आणि सरासरी पगार यांपेक्षा मध्यक मागा, म्हणजे सर्व पगार क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, कारण दोन-तीन मोठ्या पगारांनी सरासरी फुगते. किती विद्यार्थ्यांपैकी कितींना नोकरी मिळाली, हेही त्याच वेळी विचारावे. ज्या संस्थेला ही उत्तरे देता येतात, तिच्या पत्रकात यादी नसली तरी बिघडत नाही.

प्रश्न : सार्वजनिक विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागाने उद्योगसमूहाकडून पैसा घेतला, इमारतीला त्याचे नाव दिले, तर अभ्यासक्रमावर आणि प्रवेशावरही त्या समूहाची सत्ता येणार नाही का? — एक निवृत्त प्राध्यापक, नागपूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि ती विचारणारे लोक विद्यापीठांत असलेच पाहिजेत. देणगी घेण्यात वावगे काही नाही, देणगीबरोबर निर्णयाचा अधिकार देण्यात आहे. प्रवेशाच्या बाबतीत एक संरक्षण आधीच आहे. एमबीए आणि एमएमएस (मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) या व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेतून आणि केंद्रीय प्रक्रियेतून होतात, त्यामुळे देणगीदाराच्या शिफारशीने विभागात जागा मिळावी, अशी सोय या प्रक्रियेत नाही.

निधीच्या बाबतीत कंपनी कायदा २०१३ मधले कलम १३५ समजून घेण्यासारखे आहे. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक जबाबदारीसाठी खर्च करायची असते आणि शिक्षण हा त्यातला मान्य विषय आहे. परंतु स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व, किंवा केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च, या रकमेत धरता येत नाही. म्हणून एखादी कंपनी याच निधीतून ग्रंथालय उभारत असेल आणि त्या बदल्यात नोकरभरतीत पहिला मान किंवा अभ्यासक्रमात आपल्या उत्पादनाचा धडा मागत असेल, तर विद्यापीठाने निःसंकोच नकार द्यावा.

अभ्यासमंडळावर, म्हणजे विषयाचा अभ्यासक्रम आखणाऱ्या मंडळावर, उद्योगातील तज्ज्ञ असावेत, असे मी आग्रहाने म्हणेन. कारखान्यात कोणती संगणकप्रणाली वापरतात, वस्तू व सेवा कर आल्यानंतर गोदामांची मांडणी कशी बदलली, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही. तरीही काय शिकवायचे याचा अंतिम निर्णय, उत्तरपत्रिकांचे मूल्यमापन आणि संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा हक्क विद्यापीठाकडेच राहिला पाहिजे. कंपनीला आज हवे असलेले कौशल्य पाच वर्षांत कालबाह्य होऊ शकते, विद्यार्थ्याला मात्र पस्तीस-चाळीस वर्षे काम करायचे असते. शिवाय कामगारांचे हक्क, पर्यावरण, ग्राहकांची फसवणूक यांवर परखडपणे शिकवणारा प्राध्यापक एखाद्या देणगीदाराला गैरसोयीचा वाटू शकतो. त्याचे संरक्षण करता येत नसेल, तर ती देणगी विद्यापीठाला परवडणारी नाही. प्रत्येक देणगीचा करार विद्यापीठाने संकेतस्थळावर अटींसह जाहीर करावा, ही मागणी आपल्यासारख्यांनी अधिसभेत (सिनेटमध्ये) लावून धरावी.

प्रश्न : मी सातपूरच्या कारखान्यात वीस वर्षांहून अधिक काळ उत्पादन आणि खरेदी विभागांत काम केले आहे. पीएच.डी. किंवा नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) नाही. विद्यापीठात शिकवता येईल का? — एक व्यवस्थापक, नाशिक

उत्तर : येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा अनुभव अपेक्षित आहे. औपचारिक पदवी आणि शोधनिबंध यांची अट नाही. अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत आणि एकूण मुदत चार वर्षांपलीकडे जाऊ नये, असे बंधन आहे. अध्यापनाच्या पेशातल्या सेवेतील वा निवृत्त व्यक्तींना हे पद खुले नाही. सविस्तर परिचय आणि आपण नेमके काय शिकवू शकाल याचे टिपण कुलगुरूंकडे पाठवावे. तोवर अतिथी व्याख्याता म्हणून एखादा विषय जरूर घ्यावा.

प्रश्न : माझी शिरोलीला छोटी फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, आहे. हे विभाग फक्त मोठ्या कंपन्यांसाठीच असतात का? — एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : तसे असू नये, आणि याबाबत आपल्या विद्यापीठांकडून आजवर उणीव राहिली आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मोठ्या कंपनीत इंटर्नशिप करणाऱ्या मुलाला बहुधा एखाद्या तक्त्याचा छोटा भाग मिळतो. आपल्याकडे तो भट्टीच्या वीजबिलापासून येणेबाकीपर्यंत सगळा व्यवहार पाहील. प्रत्येक कास्टिंगचा (ओतीव भागाचा) खरा उत्पादनखर्च किती, नापास मालामुळे किती पैसा जातो, सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यातील, पैसे चुकते करण्याच्या ४५ दिवसांच्या मर्यादेनंतरही कोणत्या ग्राहकाकडे किती रक्कम अडकली आहे, यांपैकी कोणताही विषय दोन महिन्यांच्या अभ्यासाला पुरेसा आहे.

कोल्हापुरातच शिवाजी विद्यापीठाचा वाणिज्य व व्यवस्थापन विभाग आहे. तेथे एका पानाचे पत्र द्यावे. त्यात प्रश्न कोणता, कोणती कागदपत्रे दाखवाल, मुलाला रोज कोण वेळ देईल आणि प्रवासखर्च किती द्याल, एवढे स्पष्ट लिहावे. इंटर्नशिपचे विषय सहसा उन्हाळ्याच्या आधीच ठरतात, म्हणून हे पत्र जानेवारीत पोहोचलेले बरे.