निदान म्हणजे दावे

एका वाचकाची शंका अशी: गाडी तपासणाऱ्याने स्कॅनर लावून ‘पी ०१०७’ हा कोड वाचला आणि ‘मॅप सेन्सर गेला, निदान झाले’ असे सांगितले, यंत्राला ‘निदान’ शब्द चालतो का, आणि ‘निदान चहा तरी घ्या’ यातला ‘निदान’ तोच का?

यंत्राला शब्द खुशाल चालतो. मात्र येथे झाले ते निदान नव्हे, आणि हा गैरवापर ऐकून कान किटले आहेत. मॅनिफोल्डमधील, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतील, हवेचा दाब मॅप सेन्सरकडून कळवणाऱ्या तारेवरचे व्होल्टेज मर्यादेखाली गेले आहे, एवढेच तो कोड सांगतो. आयुर्वेदाच्या निदानपंचकात, म्हणजे रोग ओळखण्याच्या पाच साधनांत, याला ‘रूप’, म्हणजे लक्षण, म्हणतील. तेथे निदान म्हणजे रोगाचे कारण. या सेन्सरला सहसा तीन तारा असतात: ५ व्होल्ट पुरवणारी, अर्थिंगची आणि संदेश परत नेणारी. समुद्रसपाटीजवळ इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली, तर बहुतेक गाड्यांत संदेश ४ ते ४.७ व्होल्टच्या आसपास असतो. इंजिन संथ चालू असता तो १ ते १.५ पर्यंत उतरतो. पुरवठ्याची तार तुटली, संदेशाची तार सोलवटून बॉडीला टेकली किंवा सेन्सरच निकामी झाला, तरी कोड तोच उमटू शकतो. त्यांतले खरे कारण मल्टिमीटर घेऊन तार-तार तपासल्यावरच कळते.

आता खरी मौज. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात गाईंचे ‘निदान’ सोडल्याचा उल्लेख आहे, आणि ते निदान म्हणजे चक्क दावे, गुरे बांधायची दोरी! ‘दा’ म्हणजे बांधणे. त्याच धातूचा ‘दामन्’ मराठीत ‘दावे’ झाला. दावे धरून गेले की खुंटा सापडतो, तसे लक्षण धरून मूळ सापडते. ‘ज्याने व्याधी निर्देशिला जातो ते निदान’ ही काही टीकाकारांची व्युत्पत्ती मला ओढूनताणून जुळवलेली वाटते. निदान म्हणजे हुबेहूब ‘डायग्नोसिस’ असे बजावणाऱ्या कोशप्रेमींनी हेही ध्यानात घ्यावे की, माधवकर या जुन्या वैद्याने आपल्या रोगांवरील ग्रंथाला ‘रोगविनिश्चय’, म्हणजे रोगाची निश्चिती, हे नाव दिले होते. ‘माधवनिदान’ हे नाव रूढीने पडले.

चहाचे राहिलेच. तोही शब्द हाच. संस्कृतात निदानाला ‘शेवट’ असाही अर्थ आहे, त्यावरून ‘शेवटची मर्यादा’ आणि मग ‘कमीत कमी’. यातही मला दावेच दिसते: गुराची धाव दाव्याच्या लांबीपर्यंत, त्यापुढे नाही.