बीबीसीच्या ‘मर्लिन’ मालिकेत आर्थर मर्लिनला खरंच मित्र मानतो, की तो शेवटपर्यंत नोकरच राहतो?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मैत्रिणींमध्ये यावरून दोन तट पडलेत. एकीच्या मते आर्थरचा मर्लिनवर जीव आहे. दुसरी म्हणते, पाच सीझन राबवून घेतलं आणि मरताना एकदा ‘थँक यू’ म्हटलं, ही कसली मैत्री? आमच्याकडे हेच भांडण दहा-बारा वर्षांपूर्वी झालं होतं, नाशिकला, मिसळीच्या टेबलावर, पापडाचा चुरा होईपर्यंत. (शेवट सांगणार आहे. पाहिली नसेल तर पुढे वाचू नका.)

माझं उत्तर : आर्थर मर्लिनला मित्र मानतो, याबद्दल मला शंका नाही. मर्लिन आर्थरला मित्र मानतो का, यावर माझं अजून अडतं.

आधी ही नोकरी लागली कशी ते आठवा. पहिल्याच भागात राजपुत्र आर्थर एका नोकराला निशाणा धरून पळायला लावतो आणि त्यावर सुरे फेकतो. मर्लिन, म्हणजे आपली जादू लपवून राजधानीत आलेला खेड्यातला पोरगा, मध्ये पडतो आणि कोठडीत जातो. भागाच्या शेवटी आर्थरच्या अंगावर आलेल्या सुऱ्यापासून तो त्याला वाचवतो, तेव्हा आर्थरचा बाप उथर राजा खूश होऊन बक्षीस जाहीर करतो. बक्षीस काय, तर राजपुत्राची चाकरी! दोघांचेही चेहरे पाहण्यासारखे होतात. मूळ आर्थरकथांमध्ये मर्लिन चाकर नाहीच. तिथे तो राजाला गादीवर बसवणारा, त्याला सल्ला देणारा वडीलधारा जादूगार आहे. मालिकावाल्यांनी त्याला आर्थरच्या वयाचा केला आणि हातात घोड्याच्या तबेल्यातलं फावडं दिलं. सगळी गंमत आणि सगळी गोची तिथूनच सुरू होते.

आर्थरच्या बाजूने पुरावा भरपूर आहे. पहिल्या सीझनच्या चौथ्या भागात मर्लिन त्याच्या वाटचा विषाचा प्याला पितो, आणि आर्थर बापाची आज्ञा मोडून औषधाचं फूल आणायला जातो. परत आल्यावर कोठडी मिळते, तिथूनही तो फूल पोचवायची धडपड करतो. दहाव्या भागात मर्लिनच्या गावावर लुटारू येतात. गाव दुसऱ्या राजाच्या हद्दीतलं, त्यामुळे उथर सैन्य द्यायला तयार नसतो. आर्थर सैन्याशिवायच मर्लिनच्या मागोमाग जातो आणि त्याच्या आईच्या झोपडीत जमिनीवर झोपतो.

पण मला सगळ्यात पटणारा पुरावा म्हणजे जॉर्ज. चौथ्या सीझनच्या सहाव्या भागात मर्लिन बेपत्ता असताना आर्थरला हा दुसरा नोकर मिळतो. कामात एकदम चोख. वेळेवर उठवतो, वेळेवर वाढतो, चिलखत आरशासारखं घासतो, विनोद करतो तेही पितळेवर. दोन दिवसांत आर्थर त्याला कंटाळतो. नोकरच हवा असता तर जॉर्जसारखा दुसरा नाही. आर्थरला हवा आहे तो उशिरा येणारा, उलट बोलणारा, राजाला तोंडावर गाढव म्हणणारा माणूस.

इथे आमच्या मिसळ परिषदेत एका मैत्रिणीने भारी मुद्दा काढला. इंग्रजीत हे सगळं ‘यू’वर भागतं. ही मालिका मराठीत करायची म्हटलं तर मर्लिनच्या तोंडी काय घालशील, तू की तुम्ही? आम्ही अर्धा तास प्रसंग बोलून पाहिले. दरबारात ‘महाराज, आपण’ शोभतं. खोलीत शिरून पडदे ओढताना ‘उठा महाराज’ म्हटलं की तो जॉर्ज होतो. ‘ऊठ रे, दुपार झाली’ म्हटलं की मर्लिन होतो. पण चौथ्या भागापर्यंत तो ‘रे’ म्हणेल का? आणि आर्थर राजा झाल्यावर, चारचौघांत? मराठीला प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं की हे दोघं एकमेकांचे कोण. आमचं एकाही भागाबद्दल एकमत झालं नाही. आर्थरचं काम सोपं होतं, तो पहिल्यापासून अरे-तुरेच करणार.

माझी आई मध्येच हॉलमध्ये येऊन बसायची. तिला पात्रांची नावं लक्षात राहायची नाहीत. एकदा मर्लिनने डोळे सोनेरी करून झाडाची फांदी चोरांच्या डोक्यात पाडली आणि पुढच्याच दृश्यात तो बूट घासत बसला. आई म्हणाली, “हा तर आपला दासमारुती.” आम्ही पंचवटीतले. काळाराम मंदिराच्या सभामंडपात रामाकडे तोंड करून उभा असलेला मारुती तिने लहानपणापासून पाहिलेला, आणि त्र्यंबकच्या वाटेवरचा अंजनेरी डोंगर म्हणजे मारुतीचं जन्मस्थान, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एवढी शक्ती अंगात असून जोडलेले हात, ही तिच्या दृष्टीने नवलाची गोष्ट नव्हती.

उपमा मला आवडली, पण थोड्या वेळाने खटकली. मारुती रामाला पहिल्यांदा भेटतो तेव्हा तोही वेष पालटूनच आलेला असतो, भिक्षूच्या रूपात. पण तो लगेच खरं सांगतो, आणि राम त्याच्या नुसत्या बोलण्यावरून त्याची योग्यता ओळखून लक्ष्मणाजवळ त्याचं कौतुक करतो. म्हणजे वेष उतरला आणि मग सेवा सुरू झाली. मर्लिनचं उलटं. वेषातच सेवा सुरू होते आणि वेष उतरायला शेवटचा भाग उजाडतो, पासष्टावा. रामाला ठाऊक असतं की आपल्यासमोर हात जोडून कोण उभं आहे. आर्थरला तोवर ठाऊकच नसतं.

सुरुवातीला लपवणं समजू शकतं. उथरच्या राज्यात जादूला देहदंड आहे, मर्लिनने गावात पाऊल ठेवल्या ठेवल्या एकाचं मुंडकं उडताना पाहिलेलं आहे. जीव प्यारा असणारा कोणीही गप्प बसेल. पण दुसऱ्या सीझनच्या आठव्या भागात आर्थरला आपल्या आईच्या मृत्यूचं सत्य कळतं : मूल व्हावं म्हणून उथरने जादूची मदत घेतली आणि त्याची किंमत तिच्या जिवाने चुकती झाली. आर्थर बापावर तलवार उगारतो. मर्लिन धावत येऊन सांगतो, हे सगळं खोटं आहे, तुला फसवलंय. वास्तविक ते खरं असतं. त्या खोट्याने बाप वाचतो, आणि जादू म्हणजे फसवणूकच ही समजूत आर्थरच्या मनात आणखी पक्की होते. पुढे पाचव्या सीझनच्या पाचव्या भागात आर्थर, आता राजा, त्यालाच विचारतो की जादूला राज्यात जागा द्यावी का. एवढा मोठा प्रश्न तो सरदारांना सोडून नोकराला विचारतो! आणि मर्लिन, ज्याचं सगळं आयुष्य या एका ‘हो’साठी चाललंय, तो ‘नाही’ म्हणतो. कारण आर्थरने ‘हो’ म्हटलं तर जखमी सरदार मॉर्ड्रेड वाचणार असतो, आणि तोच पुढे आर्थरचा जीव घेणार असं भाकीत असल्याने तो मरावा असा मर्लिनचा हिशेब असतो. मॉर्ड्रेड जगतो. पुढे आर्थरच्या पोटात तलवार खुपसतो तो हाच.

तेव्हा सांगा, या दोघांत मालक कोण? कोणाला काय कळू द्यायचं, कोणी कशावर विश्वास ठेवायचा, हे ठरवणारा तर बूट घासतोय.

माझे आजोबा भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या एका दुकानात तीस वर्षं दिवाणजी होते. शेठ त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, पण आजोबा त्यांना अहो-जाहो करायचे आणि शेठ त्यांना अरे-तुरे. (देवाला आपण ‘तू’ म्हणतो आणि शेठला ‘तुम्ही’, हे मला तेव्हाही विचित्र वाटायचं.) दुपारचा डबा मात्र दोघं एकत्र उघडायचे. शेठच्या धाकट्या भावाने एकदा भलत्याला उधारीवर माल दिला आणि ते पैसे बुडाले. शेठना तेव्हा रक्तदाबाचा त्रास होता. आजोबांनी ती बाकी दोन वर्षं खात्यात नुसती पुढे पुढे ओढली. दिवाळीत वहीपूजनाच्या आधी शेठनी स्वतः वह्या चाळल्या आणि ती सापडली. भावाला ते फारसं बोलले नाहीत. आजोबांना मात्र म्हणाले, “मला विचारायचं तरी होतंस.” महिनाभर त्यांनी डबा एकट्याने खाल्ला. आजोबा हे सांगायचे तेव्हा शेवटी म्हणायचे, मी त्यांच्या भल्यासाठीच केलं. आणि मग थोडा वेळ गप्प बसायचे.

तुमच्या मैत्रिणीचा तो ‘थँक यू’चा आक्षेप मला म्हणूनच तोकडा वाटतो. शेवटच्या भागात जखमी आर्थरला मर्लिन अखेर सांगतो की मी जादूगार आहे. आर्थर आधी त्याला झिडकारतो, जवळ येऊ देत नाही. मग जंगलातल्या वाटेवर मर्लिन पूर्वीसारखंच त्याचं सगळं करत राहतो, तेव्हा आर्थर विचारतो की तू अजून नोकरासारखा का वागतोस. तो ‘थँक यू’ या प्रश्नानंतर येतो. दोन दिवस, जेमतेम, त्यांना एकमेकांबद्दल सगळं माहीत असतं. त्या दोन दिवसांत मर्लिन ‘तू’ म्हणेल यावर आमच्या टेबलावर कोणाचंच दुमत नव्हतं.

त्याच्या आदल्या भागातला एक प्रसंग मात्र लोक विसरतात. युद्धाला निघताना मर्लिन पहिल्यांदाच सांगतो की मी येणार नाही. त्याची जादू गेलेली असते, ती परत मिळवायला त्याला दुसरीकडे जायचं असतं, पण तो कारण म्हणून काहीतरी थातुरमातुर सांगतो. आर्थर ओरडत नाही, हुकूम सोडत नाही. तुला भित्रा म्हणायचो ती थट्टा होती, मी तर तुला सगळ्यात शूर समजत होतो, असं काहीसं बोलतो आणि जातो. नोकराने दांडी मारली तर राजा चिडतो. हा दुखावला जातो.

तुमच्या दोघींना एकत्र बसवून तो प्रसंग आणि जॉर्जचा भाग लागोपाठ दाखवा. आमच्या टेबलावरच्या ‘नोकरच’ म्हणणाऱ्या मैत्रिणीने दोन्ही पाहूनही मत बदललं नव्हतं. ती म्हणाली, जॉर्जला पगार तरी वेळेवर मिळत असेल.