नर्स म्हणून जर्मनीला जावं का? एजंट तीन लाख मागतोय.

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, सहा वर्षं आयसीयूत काढलीत, जर्मन बी-वनपर्यंत आलंय (भाषेच्या पायऱ्या अशा: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू), घरी चार वर्षांची मुलगी आहे आणि नांदेडचा एक एजंट ‘प्रोसेसिंग’चे तीन लाख मागतोय.

एजंटचं आधी उरकते. देऊ नका. जर्मनीत माणसं कमी पडताहेत ती हॉस्पिटलांना, त्यामुळे भरतीचा खर्च हॉस्पिटल करतं. परदेशी नर्स आणणाऱ्या एजन्सींसाठी तिथे ‘फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड’ नावाचं सरकारी गुणवत्ता चिन्ह आहे आणि ते मिळवायचं तर नर्सकडून पैसे घेता येत नाहीत. चिन्ह असलेल्या एजन्सींची यादी नेटवर आहे, त्यात तुमच्या एजंटचा जर्मन भागीदार सापडतो का बघा. केरळातल्या मुली ‘ट्रिपल विन’ या जर्मनीच्या सरकारी नर्सभरती योजनेतून, नोर्का या केरळ सरकारच्या संस्थेमार्फत जातात, तिथेही हेच तत्त्व. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला, १० हजार कुशल माणसं पाठवायचं जाहीर झालं, त्यात नर्सही होत्या. तेव्हापासून ‘सरकारी योजनेतून पाठवतो’ म्हणणारे बरेच झालेत. योजनेचं नाव घेऊन कोणी आलं तर एकच विचारायचं: हॉस्पिटलच्या सहीचं कंत्राट कुठाय? आणि ते हातात आलं की रजा-पगाराच्या आधी परतफेडीचं कलम वाचा. इतक्या वर्षांच्या आत नोकरी सोडली तर भाषेचा, प्रवासाचा खर्च परत करायचा, असं त्यात लिहिलेलं असतं. रक्कम आणि वर्षं दोन्ही बघा, आणि महिन्यामागे रक्कम कमी होत जाते का तेही बघा.

आता जायचं का, ते. मी स्वतः नर्स, २०२२ मध्ये जर्मनीत आले. मिरजेत एका खाजगी हॉस्पिटलात सहा वर्षं काढली होती. नोकरी सोडून पुण्यात वर्षभर कॉट बेसिसवर राहिले आणि बी-टू केलं. मराठी माणसाला जर्मन भाषा लोक सांगतात तितकी अवघड जात नाही. तीन लिंगं आपल्यालाही आहेत, क्रियापद वाक्याच्या शेवटी टाकायची सवयही आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुली ‘वाइल’ (म्हणजे ‘कारण’) आलं की क्रियापद कुठे ठेवू म्हणून घाबरायच्या, आम्ही मराठीत मनात म्हणून बघायचो आणि बरोबर यायचं. परीक्षेच्या चारही भागांत ६० टक्के लागतात. मिळाले. मला वाटलं, जमलं.

मी जिथे आहे ते गाव बाडेन-व्युर्टेंबर्गमध्येच, श्टुटगार्टपासून लोकलने चाळीस मिनिटांवर. वॉर्ड म्हाताऱ्या माणसांचा. दुसऱ्या आठवड्यात, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या ८४ वर्षांच्या बाई मला म्हणाल्या, ‘फूस’ दुखतोय. फूस म्हणजे पाऊल, ए-वनच्या पुस्तकात तिसऱ्याच धड्यात चित्र असतं. मी पाऊल बघितलं, नाडी बघितली, सूज नाही, रंग ठीक, बोटं हलवून घेतली. ‘उजव्या पावलात वेदना’ असं लिहून टाकलं. ड्यूटी संपताना ओव्हर देत होते तेव्हा तिथली एक जुनी नर्स थांबली आणि म्हणाली, ‘श्वेबिश’, म्हणजे इथली बोली, बोलणाऱ्यांचा फूस कमरेपासून सुरू होतो. आम्ही दोघी परत गेलो. दुखत होती पोटरी. गरम लागत होती आणि दुसऱ्या पायापेक्षा जाड दिसत होती. डॉक्टर आले, सोनोग्राफी झाली. रक्ताची गाठ निघाली नाही, नशीब माझं.

यात मला अजून चुटपूट लागते ती वेगळीच. आपल्या मराठीत ‘पाय’ म्हणजे कमरेपासून बोटांपर्यंत सगळंच ना? आजी मिरजेत ‘पाय दुखतोय बाई’ म्हणाली असती तर मी पहिल्यांदा विचारलं असतं, कुठं ते बोट ठेवून दाखवा. पुण्यात शिकलेल्या शुद्ध जर्मनने घात केला. आता मी प्रत्येकाला बोट ठेवून दाखवायला लावते. त्याच भागात ‘टेपिश’ म्हणजे पांघरूण, पुस्तकात मात्र सतरंजी. आणि ‘हेबन’ म्हणजे उचलणं नव्हे, धरणं. पलंगावरून उठताना पेशंट ‘हेबन’ म्हणत असेल आणि तुम्ही उचलायला लागलात तर दोघांचीही कंबर जाते.

म्हणून बी-टूचा कागद मिळाला की थांबू नका. फोनवर बोलण्याचा सराव करा. समोरच्याचा चेहरा दिसत नसताना लॅबचा रिपोर्ट घेणं हे माझ्यासाठी पहिले सहा महिने सगळ्यात भीतीचं काम होतं. मी फोन वाजला की संडासात जायचे, खोटं कशाला सांगू.

कामाबद्दल कोणी आधी सांगत नाही ते असं, की हे तुमचंच काम नाही. तुम्ही आयसीयूच्या, म्हणजे डोळे मिटून शीर शोधून सुई टाकत असाल. इथे सलाईनची सुई टाकणं, रक्त काढणं हे बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांचंच काम. त्याऐवजी सकाळी सहाला आल्यापासून आंघोळ घालणं, दात घासून देणं, कपडे, लघवी-संडास, कूस बदलणं, भरवणं. आपल्याकडे जे मावशी, मामा आणि पेशंटची सून मिळून करतात ते सगळं नर्स करते, आणि ते हलकं काम मानलं जात नाही. नातेवाईक भेटीला येतात, फुलं ठेवतात, जातात. रात्री पलंगाखाली चटई टाकून झोपणारं कोणी नसतं. पहिल्या महिन्यात आईला फोनवर रडून सांगितलं होतं, की मला इथे आया केलंय. वडील म्हणाले, परत ये. आई म्हणाली, आंघोळ नीट घालतेस ना? तिने स्वतःच्या सासूचं आठ वर्षं केलं होतं.

हे मनाला पटणार नसेल तर जाऊ नका, हे मी स्पष्टच सांगते. माझ्याबरोबर आलेल्या दोघी परत गेल्या त्या थंडीने किंवा पैशाने नाही, या एका गोष्टीने गेल्या. तुम्हाला अतिदक्षता विभागच हवा असेल तर मुलाखतीतच मागा आणि कंत्राटात लिहून घ्या. तिथे दिवसा एका नर्समागे दोन आणि रात्री तीन पेशंट ही कायद्याची मर्यादा आहे. आपल्या आयसीयूशी तुलना तुम्हीच करा.

शिवाय सुरुवातीला तुम्ही नर्स नसताच. कागदपत्रं तपासून (आमच्या राज्यात हे श्टुटगार्टचं शासकीय कार्यालय करतं) तुमच्या शिक्षणात काय कमी आहे ते लेखी कळवतात. मग एकतर ठरावीक महिन्यांचं प्रशिक्षण, नाहीतर परीक्षा. ते होईपर्यंत सहाय्यक म्हणून पगार. त्यातून कर, पेन्शन, आरोग्य विमा वजा जाऊन हातात साधारण दोन तृतीयांश येतं. नवरा भारतात असेपर्यंत करासाठी तुम्ही अविवाहितच. एजंट युरोला रुपयाने गुणून जो आकडा सांगतो तो कापण्याआधीचा असतो, आणि भाड्याचं तो बोलतच नाही.

मी परीक्षा निवडली. तोंडी आणि प्रात्यक्षिक असे दोन भाग, प्रत्येक भाग नापास झाल्यास एकदाच परत देता येतो. प्रात्यक्षिकात खरे पेशंट असतात. माझ्या वाट्याला पक्षाघातातून सावरणाऱ्या एक बाई आल्या. मी सगळं व्यवस्थित केलं, पाठ बघितली, टाचा बघितल्या, पाणी किती प्यायल्या ते लिहिलं. शेवटी त्यांच्या ब्लाउजची बटणं लावून दिली. परीक्षक बाईंनी विचारलं, ही बटणं त्यांना स्वतःला लावता येत नाहीत का? येत होती. हळूहळू, डाव्या हाताने, पण येत होती. मग तुम्ही का लावलीत? मी म्हणाले, मदत म्हणून. त्या म्हणाल्या, त्यांच्या हाताचा आजचा व्यायाम तुम्ही केलात. काठावर सुटले. आपल्याकडे ज्याला सेवा म्हणतात ती इथे कधीकधी चूक धरतात. तयारी करताना औषधांची यादी पाठ करण्यापेक्षा ‘पेशंट स्वतः काय करू शकतो’ हा प्रश्न प्रत्येक केसला विचारून बघा.

बोलण्याचंही तसंच. इथे अहो-जाहो आणि अरे-तुरे आपल्यासारखंच आहे, त्यामुळे ‘झी’ कधी आणि ‘डू’ कधी हे पटकन कळतं. पण मी एका पेशंटला प्रेमाने ‘ओमा’, म्हणजे आजी म्हणाले. त्या म्हणाल्या, माझी नातवंडं म्युनिकला आहेत, मी तुझी आजी नाही. तेव्हापासून फ्राऊ (म्हणजे श्रीमती) अमुक, फ्राऊ तमुक. गंमत म्हणजे त्या मला मात्र ‘श्वेस्टर’ म्हणून हाक मारतात. श्वेस्टर म्हणजे सिस्टरच. कायद्यात हुद्द्याचं नाव दोनदा बदललं, म्हाताऱ्यांच्या तोंडातून ते काही गेलं नाही. घरापासून इतक्या लांब कोणी सिस्टर म्हणालं की अजून बरं वाटतं.

कागदपत्रांना आजच लागा, भाषेची वाट बघू नका. कॉलेजकडून विषयवार तास हवेत, थिअरीचे वेगळे आणि प्रॅक्टिकलचे वेगळे. आपल्या कॉलेजचे क्लार्क ‘मार्कशीट दिलीये ना’ म्हणतात, तिथे चिकाटी लागते. मला चार खेपा पडल्या, चौथ्या वेळी पेढे नेले. दुसरं, नाव. तुमचं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावाने असेल आणि पासपोर्ट सासरच्या. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नावही बदलतं, हे जर्मन कारकुनाला कळत नाही. त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. लग्नाचा दाखला आणि त्याचं अधिकृत जर्मन भाषांतर सुरुवातीलाच जोडा, माझे यात तीन महिने गेले. पासपोर्टमधलं मधलं नाव त्यांना तुमचंच दुसरं नाव वाटतं. माझ्या छातीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर नवऱ्याचं नाव छापून आलं होतं. पेशंट विचारायचे, किती सुंदर नाव, अर्थ काय?

मुलीचं. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता, सव्वा वर्ष आईकडे राहिला. नर्स म्हणून मान्यता मिळून, घर घेऊन मग नवरा आणि मुलगा दोघांना आणलं. आधी आणायची घाई करू नका. सहाय्यकाच्या पगारात आणि शिफ्टमध्ये एकटीने ते झेपत नाही, आणि पाळणाघराची प्रतीक्षायादी लांब असते. सव्वा वर्ष कसं गेलं ते इथे लिहीत नाही. मात्र नवऱ्याला आत्तापासून ए-वनच्या क्लासला बसवा. व्हिसाला लागो न लागो, तुम्ही दुपारच्या ड्यूटीवर असताना बालवाडीतून फोन आला तर तो त्यालाच घ्यायचाय.