पट्टी नंतर, आधी घुमारा बदल

तू लिहिलंयस की तू ट्रान्स मुलगी, वय 19, राहणं मालवणजवळ, इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) सुरू होऊन 6 महिने झाले तरी फोनवर समोरचा 'दादा'च म्हणतो. आवाज चढवून बोललीस की संध्याकाळपर्यंत घसा बसतो. अगो, तुझ्या शरीरात काही कमी नाही, हे आधी मनात पक्कं कर. वयात येताना स्वरतंतू एकदा जाड झाले की इस्ट्रोजेनने ते परत बारीक होत नाहीत. ट्रान्स मुलग्यांचा आवाज टेस्टोस्टेरॉनने उतरतो, आपल्याला, म्हणजे ट्रान्स मुलींना, मात्र शिकावा लागतो. आणि तो शिकता येतो, मी शिकले आहे.

घसा बसतो कारण तू नुसती पट्टी, म्हणजे आवाजाची उंची, चढवतेस. दशावतारातली स्त्री पार्टी, म्हणजे बाईची भूमिका करणारा पुरुष, आठव. तो आवाज देवळासमोरच्या प्रयोगात शोभतो, पण मासळी बाजारात भाव करताना तसा दिवसभर कुणी बोलू शकत नाही. ढोबळमानाने पुरुष 100 ते 150 हर्ट्झमध्ये बोलतात, बायका 180 ते 220च्या आसपास. पण घुमारा, म्हणजे आवाज जिथे घुमतो ती जागा, छातीतच राहिला तर 200 हर्ट्झलाही ऐकणाऱ्याला पुरुष वाटू शकतो. मधल्या पट्टीत तर घुमाऱ्यावरच बरंच काही ठरतं.

म्हणून असं कर. पेल्यात पाणी घे, स्ट्रॉचं टोक दोन बोटं बुडव आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढ. सूर खालून वर ने, परत खाली आण, गाल सैल ठेव. मग आवंढा गिळताना कंठमणी वर जातो तो बोटाने चाचपून बघ. त्याला तिथे आवळून धरायचं नाही, नुसती दिशा ओळखायची. आता जीभ पुढे ठेवून 'ई' म्हण आणि त्याच जागेवरून 'मामी, मीठ कुठे?' असं बोल. ओठांत, नाकाजवळ झिणझिण्या आल्या की जागा सापडली. लगेच मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं पुरे. दुखलं की थांब, खाकरू नकोस, घोट घोट पाणी पी.

किनाऱ्यावर सराव करतेस म्हणालीस, तो बंद कर. समुद्राच्या गाजेत माणूस नकळत ओरडतो आणि स्वतःचं नीट ऐकूही येत नाही. खोलीत उशा-गोधड्यांत बस. घरच्यांनी विचारलं तर भजनाचा रियाज चाललाय म्हण, आपल्याकडे कुणी दुसरा प्रश्न विचारणार नाही.

जवळच्या स्पीच थेरपिस्टनी 'हे काम आम्ही करत नाही' म्हटलं, म्हणून वाट संपत नाही. आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेले आणि आवाजावर काम करणारे बरेच जण ऑनलाइन शिकवतात. वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेतही चौकशी कर. मात्र घसा दोन-तीन आठवडे सलग बसलेला राहिला तर आधी कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठ. ऑपरेशनचा विचार आत्ता नको, त्याने पट्टी चढते, घुमारा आहे तिथेच राहतो.

नवा आवाज बाहेर काढायचा तो अनोळखी माणसांपाशी. एसटी डेपोला फोन करून कणकवलीची गाडी किती वाजता आहे ते विचार. वाक्य लहान, ओळख नाही, बिनसलं तर फोन ठेवता येतो. आईसमोर आणि शाळेतल्या मैत्रिणींसमोर तो सगळ्यात शेवटी येईल, कारण तिथे जुनी सवय घट्ट बसलेली असते.